कापसाची गिरणी, साखरेचे दुकान आणि आपला फड

— ऊसविकास अधिकारी, अकोट गट



गेल्या २६ नोव्हेंबरची, म्हणजे संविधान दिनाची गोष्ट. गाळप सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि आमच्या अकोट गट कार्यालयात तोडणी चिठ्ठ्यांसाठी गर्दी उसळली होती. त्या गर्दीतून एक जुने सभासद नातवाचा हात धरून टेबलापाशी आले. आम्हांला वाटले, नेहमीप्रमाणे नंबर विचारतील. पण ते म्हणाले, "साहेब, याच्या शाळेत आज संविधानाची उद्देशिका वाचून घेतली. गुरुजीनं 'समाजवादी' या शब्दावर चार ओळी लिहून आनाले सांगतलं. घरी कोनालेच सांगता नाई आलं. तुमी त शिकेल मानूस आहा."

आम्ही घाईत सांगून टाकले, "समाजवाद म्हणजे गरीब-श्रीमंत सारखे करणे." पोराने लिहून घेतले. आजोबा हसले, "म्हंजे याचं घेऊन त्याले देनं का?" रांगेतले चार लोक हसले आणि विषय तिथेच संपला.

आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. आम्ही कृषी पदविकेचे माणूस. आमचे वाचन म्हणजे माती परीक्षण, बेणे प्रक्रिया आणि खारपाणपट्ट्यात फुले २६५ कितपत तग धरतो याचे तक्ते. पण ज्या संस्थेचे मीठ, नव्हे साखर, आम्ही इतकी वर्षे खातो ती संस्था कोणत्या विचारातून जन्मली हे एका शाळकरी पोराला सांगता येऊ नये, याची लाज वाटली. म्हणून काही रविवार वाचनालयात घालवले. त्यातून जे हाती लागले ते संपादकांच्या आग्रहावरून आपल्यापुढे ठेवतो.

पहिलेच आश्चर्य असे की या गोष्टीची सुरुवात कापसापासून होते. आपण उसाचे सभासद असलो तरी मूळचे पऱ्हाटीवालेच. सातपुड्याच्या पायथ्याशी वान प्रकल्पाचे पाणी आले, विहिरी झाल्या, तेव्हा कोणी केळी केली, कोणी पानपिंपरी, कोणी ऊस. पण घरातली म्हातारी माणसे अजून वर्षाचा हिशेब कापसाच्या भावावरच करतात. तेव्हा ही कथा परकी वाटू नये.

गिरणीतली पोरे

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या शेवटी कापसाच्या सूतगिरण्या निघाल्या. वाफेवर आणि पाण्यावर चालणारी यंत्रे आली, हातमागावर पोट भरणारी घरे उघडी पडली आणि गिरणीत बायका-पोरांना जुंपण्यात आले. पोरांची बोटे बारीक, तुटलेला धागा ती पटकन सांधत. मजुरीही कमी. दिवसाला तेरा-चौदा तास काम.

स्कॉटलंडात न्यू लॅनार्क नावाच्या गावी अशीच एक मोठी गिरणी होती. १८०० साली तिचा कारभार रॉबर्ट ओवेन नावाच्या तरुणाकडे आला. हा वेल्समधला, १७७१ चा जन्म, दहाव्या वर्षापासून दुकानात राबलेला. गिरणीत आणि गावात मिळून दोनेक हजार माणसे होती. त्यांत शे-पाचशे पोरे अनाथालयांतून आणलेली, काही तर पाच-सहा वर्षांची. ओवेनने अशी पोरे आणणे बंद केले. दहा वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायचे नाही असे ठरवले. १८१६ साली गिरणीच्या आवारातच शाळा उघडली आणि तिथे अगदी लहान मुलांनाही बसवले. कामाचे तास कमी केले. कामगारांसाठी चांगल्या मालाचे, माफक दराचे दुकान काढले आणि दुकानाचा नफा शाळेकडे वळवला. एकदा अमेरिकेने कापूस पाठवणे थांबवले तेव्हा गिरणी चार महिने बंद राहिली. त्या चारही महिन्यांचा पगार त्याने दिला.

आणि गंमत म्हणजे एवढे करून गिरणी नफ्यातच चालली! लोक लांबून पाहायला येऊ लागले.

ओवेनचे म्हणणे साधे होते. माणूस वाईट निपजतो तो त्याच्या भोवतीच्या परिस्थितीमुळे. परिस्थिती बदला, माणूस बदलेल. आपण नाही का म्हणत, बेणे चांगले असून भागत नाही, वावरही निचऱ्याचे पाहिजे. तसेच हे. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या गिरणीत येणारा कापूस मुख्यत्वे अमेरिका आणि वेस्ट इंडीजमधून, गुलामांच्या हातांनी वेचलेला येई. गिरणीच्या पोरांसाठी शाळा काढणाऱ्या माणसाच्या हिशेबात तो कापूस वेचणारी पोरे नव्हती. पुढे आम्हांला आमच्याच फडाविषयी बोलायचे आहे, म्हणून हे इथे नोंदवून ठेवतो.

ओवेनच्या अनुयायांना उद्देशून 'सोशालिस्ट' हा शब्द १८२७ साली लंडनच्या एका मासिकात छापला गेला. त्या मासिकाचे नाव होते 'को-ऑपरेटिव्ह मॅगझिन'. आमच्या नातवाच्या चार ओळींत खरे तर हे यायला हवे होते. समाजवाद आणि सहकार एकाच पाळण्यात वाढले. पुढे वेगळ्या घरी गेले, ते नंतर.

त्याच सुमारास ओवेनने अमेरिकेत न्यू हार्मनी नावाची वसाहत वसवली. सगळी मालमत्ता सामाईक, सगळे समान. १८२५ ला सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांतच मोडली. बोलणारे बरेच जमले, नांगर धरणारे कमी, आणि कोणी किती काम केले याचा हिशेब बसेना. ज्यांनी सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावल्या आहेत त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

फ्रान्समध्येही त्या काळी सेंट-सायमन, फूरिये असे विचारवंत आपापले नकाशे काढून बसले होते. त्यांच्या खोलात जात नाही.

अठ्ठावीस माणसांचे दुकान

ओवेनच्या मोठ्या मनोऱ्यापेक्षा आपल्या कामाची गोष्ट घडली ती इंग्लंडातल्या रॉचडेल गावी. तिथले विणकर मजुरीसाठी संप करून हरले होते. व्यापारी पिठात भेसळ करी, मापात मारी आणि उधारीत अडकवून ठेवी. ओळखीचे वाटते ना? त्यांच्यापैकी अठ्ठावीस जणांनी आठवड्याला दोन-दोन पेन्स बाजूला टाकून अठ्ठावीस पौंड जमवले आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडले. माल किती? थोडे लोणी, थोडे गव्हाचे पीठ, ओटचे पीठ, मेणबत्त्या आणि साखर. गल्लीतली पोरे हसायला जमली होती म्हणतात.

पण त्यांनी नियम असे केले की ते आजही आपल्या उपविधीत सापडतात. सभासद कोणीही होऊ शकेल, बाईमाणूसही. व्यवहार रोखीने, माप पूर्ण. नफा भांडवलावर नव्हे, ज्याने जितका माल घेतला त्या प्रमाणात. आणि भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. नफ्यातला वाटा शिक्षणासाठी ठेवण्याची चालही त्यांचीच.

चारच वर्षांनी, १८४८ साली, कार्ल मार्क्स आणि एंगल्स यांचा जाहीरनामा निघाला. त्यांना ओवेनसारख्यांचा समाजवाद भाबडा वाटे. मालक कधी आपखुशीने मालकी सोडत नसतो, ती संघर्षानेच बदलते, हे त्यांचे म्हणणे. पण १८६४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपुढे मार्क्सनेच सहकारी गिरण्यांची वाखाणणी केली. मालकाशिवाय मोठे कारखाने चालू शकतात हे कामगारांनी करून दाखवले, असे त्याने म्हटले. आणि पुढे इशाराही दिला की अशा सुट्यासुट्या संस्थांनी एकट्याने सगळ्यांची सुटका होणार नाही. ज्या वर्षी तो हे बोलत होता त्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस अडला होता आणि आपल्या वऱ्हाडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांकडे चालला होता. आपल्याकडे तेव्हा आलेला पैसा शेवटी कोणाच्या पेटीत गेला, हे जुने लोक सांगत असत.

आपल्याकडे

कोणी म्हणेल, हे सारे विलायती. तसे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले. शेतकऱ्याला कोण कोण लुटतो याचा ताळेबंद त्यात आहे. आणि नुसती तक्रार नाही, तर तळी-धरणे बांधा, माती अडवा, जनावरांची पैदास सुधारा, शाळा काढा, असेही त्यात आहे. ऊसविकास खात्याने अजूनही वाचावे असे ते आहे. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती त्या चळवळीमुळे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने आपल्या देशात सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी केली. सात वर्षे! ओवेनने त्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी दहाची मर्यादा घातली होती.

वऱ्हाडात समाजवादाचे नाव न घेता त्याचे काम करणारी माणसे झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ साली कर्जलवाद कायदा आला त्यामागे डॉ. पंजाबराव देशमुखांची खटपट होती. सावकाराच्या पाशातून त्याने कित्येकांची वावरे सुटली. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गाव हाच घटक धरला. आणि नाव घेऊन काम करणारेही आपल्याच महाराष्ट्रात एकत्र आले, तेही तुरुंगात. सविनय कायदेभंगात पकडलेले जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी, अशोक मेहता अशी मंडळी १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या जेलमध्ये होती. तिथल्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना निघाली आणि मे १९३४ मध्ये पाटण्याला त्याची पायाभरणी झाली.

पण सिमेंट-लोखंडाची इमारत उभी राहिली ती तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथे कालव्याच्या पट्ट्यात खासगी साखर कारखाने शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन ऊस लावत, आणि जमिनीचा धनी त्याच जमिनीवर मजूर होई. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली गावात पतपेढी काढून सुरुवात केली होती. पुढे त्यांनी गावोगाव पायपीट करून भाग भांडवल जमवले. प्रा. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेतले मोठे अर्थशास्त्रज्ञ, पण ते या कारखान्याचे अध्यक्ष झाले आणि विखे पाटील उपाध्यक्ष. मुंबई सरकारातून वैकुंठभाई मेहतांनी पाठबळ दिले. प्रवरानगरला पहिला हंगाम १९५०-५१ साली झाला. रॉचडेलच्या गल्लीतला नियम तिथल्या उपविधीत आला, एक सभासद, एक मत. आपला कारखाना त्याच वळणाचा.

जे फसले तेही सांगू

१९५५ साली आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीची समाजरचना हे ध्येय मानले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' शब्द आला. तो काढा म्हणून झालेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. शब्द राहिला. पण शब्दाच्या नावावर जे झाले त्याचा अनुभव वऱ्हाडला इतरांपेक्षा जास्त आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याला बाजूला सारून सरकारच्या वतीने पणन महासंघ सगळा कापूस घेणार, हमीभाव देणार, नफा झाला तर वरून वाटणार. हेतू उत्तम. आम्ही लहान असताना वडिलांसोबत संकलन केंद्रावर बैलगाडीच्या रांगेत रात्र काढलेली आहे. थंडीत गंजीत शिरून झोपायचे. कापसाची ऊब असते, पण सकाळी प्रतवारी करणारा आला की ती ऊब निघून जाई. चुकारा हप्त्याहप्त्याने, कधी मिळेल त्याचा नेम नाही. बाहेर भाव चढला की आपल्याकडचा कापूस रात्रीतून मध्यप्रदेशात जाई, बाहेर पडला की तिकडचा इकडे येई. तोटा साठत गेला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला. तरीही आमचे वडील म्हणत, "लुटत होते, पन भाव त पहिलेच मालूम राहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

साखरेचेही तेच. रेशनवर स्वस्त साखर द्यायची म्हणून कारखान्याकडून लेव्ही घेतली जाई, एके काळी निम्म्याहून अधिक साखर. ग्राहकाला समाजवाद मिळाला, बिल मात्र ऊसवाल्याच्या नावे फाटले. ती लेव्ही २०१३ साली उठली. आज एफआरपी आहे, २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. हेही त्याच विचाराचे लेकरू. खासगी कारखान्यालाही ते लागू आहे, आणि राज्यातले जवळपास निम्मे कारखाने आता खासगी आहेत. विदर्भातले बहुतेक सहकारी कारखाने तर बंद पडले किंवा विकले गेले. त्यांची गंजलेली गव्हाण आपण येता-जाता पाहतो.

मग एक मत उरले तरी कशाला? खासगीवालाही एफआरपी देतो, कधी चार रुपये जास्तही देतो. हा प्रश्न सभासद आम्हांला तोंडावर विचारतात. उत्तर देण्याआधी आम्हांला एक कबुली द्यायची आहे.

आम्ही नोकरीत नवे होतो तेव्हाची गोष्ट. अकोट भागात एका विधवा सभासद बाईंचा एकरभर ऊस होता. लागण नोंद त्यांची आधीची. पण शेजारी मोठ्या बागायतदाराचा फड होता, वजनदार माणूस, शिवाय वीस एकर एका ठिकाणी म्हणजे टोळीला आणि वाहनाला सोयीचे. आम्ही टोळी तिकडे वळवली. वरून कोणी सांगितले नव्हते. आमच्याच हाताने नोंदवहीतला क्रम फिरवला. बाईंचा ऊस तुरा येऊन उभा राहिला, एप्रिलमध्ये तुटला, वजन चांगलेच घटले. त्या कार्यालयात आल्या, भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, मत माह्यं बी एक, त्याहिचं बी एक. मंग टोळी कावून पहिले त्याहिच्याच वावरात?"

आम्ही वाहनाची अडचण सांगितली. ती खोटी नव्हती, पण उत्तरही नव्हते.

तेव्हा आमच्यापुरते उत्तर असे झाले आहे. खासगी कारखान्यात त्या बाईंना विनंती करता आली असती. इथे त्यांना जाब विचारता आला. एका मताची किंमत ती. पण जाब विचारायला माणसे आली तर! मागल्या वार्षिक सभेत अहवाल मंजूर झाला तेव्हा अर्धे सभासद जेवणाच्या मांडवात होते. आम्ही स्वतः पाहिले. निवडणुकीला गाड्या भरून येणारे आपण ताळेबंदाच्या दिवशी कुठे असतो?

फडातली पोरे

आता न्यू लॅनार्कच्या कापसाकडे परत येतो. आपल्या फडात येणाऱ्या टोळ्या कोणी बीडकडच्या, कोणी मेळघाटातल्या कोरकूंच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून दिवाळीआधीच घेतलेली. पहाटे चारला थंडीत त्यांचे मूल वाढ्यांच्या ढिगावर गोधडीत झोपलेले असते. आमच्या कारखान्यातले सगळ्यांत कष्टाचे काम हे लोक करतात आणि सभासद यादीत त्यांचे नाव नाही, मतही नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झाले, मुलांसाठी साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे निघाली. तरी फडात पोरे दिसायची ती दिसतातच.

सभासदांची तक्रार आम्हांला ठाऊक आहे. टोळीवाले खुशाली मागतात, वाहनवाला एंट्री मागतो, न दिली तर मोळ्या वावरातच राहतात. ही तक्रार खरी आहे आणि त्यावर कारखान्याने कडक व्हायला हवे, हे आम्ही बैठकीत बोललो आहोत. पण ज्याच्या डोक्यावर उचल आहे तो खुशाली मागणार, आणि ज्याच्या उसाला तुरा आला आहे तो ती देणार. दोघेही अडलेले. रॉचडेलच्या विणकराला उधारीने बांधले होते, तसे इथे एकाला उचलीने आणि दुसऱ्याला चिठ्ठीने बांधले आहे. यंत्राने तोडणी वाढेल, वाढते आहेच, पण लहान तुकड्यांत आणि ओल्या काळ्या रानात हार्वेस्टर अजून सगळीकडे चालत नाही. तोवर माणसेच येणार.

आमच्या अधिकारात जेवढे आहे तेवढे यंदा सुरू केले आहे. अकोट गटातल्या टोळ्यांबरोबर आलेल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांची नावे चिटबॉयकडून लिहून घेतली आणि जवळच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना नेऊन दिली. काही मुले बसू लागली, काही दोन दिवसांत परत फडात आली, कारण धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हते. ज्या सभासदांच्या वावराजवळ अंगणवाडी आहे त्यांनी सेविकेशी बोलून धाकट्यांची सोय होते का ते पाहावे. टोळी उतरते त्या दिवशी मोटर सकाळी अर्धा तास पिण्याच्या पाण्यासाठी चालवावी. खारपाणपट्ट्यातल्या सभासदांनी गोड्या पाण्याची टाकी द्यावी. विहिरीचे पाणी आपण पीत नाही, ते त्यांना पाजू नये.

आणि नोंदवहीबद्दल. सुरू हंगामाच्या लागणीची यादी तारखेच्या क्रमाने, क्षेत्रासह, गट कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर लावली आहे. मोठा-लहान सगळ्यांची एकच यादी. पावसाने भिजू नये म्हणून काच बसवली आहे. आपली तारीख चुकली असेल किंवा कोणाची पुढे सरकली असे वाटत असेल, तर कार्यालयात येऊन लेखी द्यावे. आम्ही सोमवार ते शनिवार सकाळी दहापर्यंत टेबलावर असतो, नंतर फडात.